माळढोकाच्या जिल्ह्यातली पोरं हैदराबादच्या झूमध्ये: एका शाळेच्या सहलीचं प्रकरण

सोलापूरच्या पूर्व भागातली एक मराठी माध्यमाची शाळा, तिथल्या आठवीच्या मुलांची हैदराबादला गेलेली सहल, एवढंच हे प्रकरण. मी त्या शाळेत शिकवत नाही. सुट्टीच्या दिवशी दुर्बीण घेऊन माळावर फिरणारी आमची थोडी मंडळी आहेत, त्यातला म्हणून तिथल्या मुख्याध्यापिका बाईंनी मदतीला बोलावलं आणि मी आनंदाने गेलो. हे सगळं सविस्तर लिहितोय कारण आपल्या जिल्ह्यातल्या कितीतरी शाळा दरवर्षी प्राणीसंग्रहालय बघून येतात आणि मुलांच्या डोक्यात वाघ, सिंह, हत्ती आणि कँटीन एवढंच राहतं, आणि ज्या जिल्ह्यात माळढोक हा गवताळ माळावरचा मोठा पक्षी होता, अजूनही नशीब असेल तर एखादा दिसतो, तिथल्या मुलांचं असं होऊ नये असं मला मनापासून वाटतं.

हैदराबाद आपल्याला परकं नाही. रस्त्याने साधारण तीनशे किलोमीटर, नळदुर्ग, उमरगा, जहीराबाद करत रात्रभरात पोचता येतं, आणि पूर्व भागातल्या पद्मशाली घरांचे अर्धे पाहुणे तिकडेच असतात. सहल म्हटली की चारमिनार, गोवळकोंडा, फिल्मसिटी, आणि वेळ उरला तर नेहरू झू, असा ठरलेला कार्यक्रम. बाईंचं म्हणणं की या वेळी फिल्मसिटी नको, अख्खा दिवस झूला द्यायचा. पालकसभेत यावर बरंच झालं. एक वडील म्हणाले, मॅडम, वाघ तर मोबाईलवर पण दिसतोय, त्यासाठी एवढे पैसे भरायचे का? एका आईने विचारलं की जनावरं कोंडून ठेवलेली बघायला पोरांना नेणं बरोबर आहे का. हा दुसरा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटला आणि खरं तर पुढचं सगळं नियोजन त्याच प्रश्नाभोवती झालं. बाई पालकांना म्हणाल्या, कोंडलेलं जनावर परत रानात सोडता येतं का, कधी येतं, कधी येत नाही, हे पोरांना तिथं जाऊन कळलं पाहिजे, मला तेवढंच हवंय.

मी एकच अट घातली, हैदराबादच्या आधी नान्नज.

नान्नज म्हणजे सोलापूरहून बार्शी रस्त्याला वीसेक किलोमीटर, आणि वर्गात विचारलं तर बहुतेक पोरं तिथं कधी गेलीच नव्हती. १९७९ साली इथं माळढोक अभयारण्य झालं आणि कागदावर त्याचं क्षेत्र होतं ८,४९६ चौरस किलोमीटर! त्यात गावं, शेतं, रस्ते सगळं आलं, लोकांना जमिनीचे व्यवहार करता येईनात, घर बांधायचं तर परवानगी, मग पक्ष्याबद्दलच राग बसला. नंतर ते क्षेत्र कमी करून सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आणलं. माझं स्पष्ट मत आहे की आधी एवढं मोठं वर्तुळ काढल्यानेच माळढोकाचं नुकसान झालं, कारण ज्यांच्या शेजारी तो राहायचा तीच माणसं दुरावली.

आम्ही गेलो तेव्हा गवत पिवळं पडलेलं, काळविटांचा एक मोठा कळप दिसला, लांबवर खोकड पळताना दिसलं, माळढोक दिसला नाही. दिसेल असं मुलांना आधी सांगितलंच नव्हतं. त्यांना त्या गवतात नुसतं उभं केलं आणि सांगितलं की हा पक्षी उभा राहिला तर तुमच्या छातीला लागेल, नराचं वजन पंधरा किलोपर्यंत जातं, उडणाऱ्या पक्ष्यांत जगातल्या सगळ्यात जड पक्ष्यांपैकी एक, आणि मादी अंडं घालते एकच, तेही उघड्या जमिनीवर, म्हणजे कुत्रं आलं, कोल्हं आलं, गुरं चरत आली, काम संपलं. त्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूला, त्यामुळे समोरचं नीट दिसत नाही, उडताना विजेची तार जवळ आल्यावर कळते आणि तोपर्यंत एवढं जड शरीर वळवता येत नाही. एका पोराने लगेच मान वर करून रस्त्याकडेच्या तारा बघितल्या. २०११ पासून धोक्यातल्या जातींच्या जागतिक यादीत हा पक्षी अतिसंकटग्रस्त आहे आणि देशात दीडशेच्या आसपासच उरलेत, त्यातले बहुतेक राजस्थानात जैसलमेरकडे.

तिथंच एक गोष्ट झाली. वर्गात एक धनगराचा मुलगा आहे, त्याचे काका याच पट्ट्यात मेंढरं घेऊन फिरतात. तो म्हणाला, सर, माळ राखून ठेवला तर आमची मेंढरं कुठं न्यायची, आणि लांडगा येतो त्याचं काय? मी त्याला खरं तेच सांगितलं, की मेंढरं माळावर फार पूर्वीपासून चरतायत आणि माळढोकही त्याच माळावर होता, माळ संपला तो नांगराने, कॉलन्यांनी, आणि माळाला पडीक समजून त्यावर झाडं लावण्याने. झाड लावणं चांगलंच असं आपण पोरांना पहिलीपासून शिकवतो, पण गवताच्या रानात दाट झाडं आली की माळढोकाला लांबचं दिसत नाही आणि तो जागा सोडतो. लांडग्याने मेंढरू नेलं तर भरपाई वेळेवर मिळाली पाहिजे, हेही त्याला सांगितलं, कारण त्याचा प्रश्न रास्त होता.

मग शाळेत दोन तास घेतले. प्राणीसंग्रहालयाचं काम फक्त दाखवणं नाही, संपत आलेल्या जाती जपून वाढवणं आणि परत पाठवणं हे आहे, असं ठासून मांडणाऱ्यांत ब्रिटिश निसर्गलेखक जेराल्ड ड्युरेल यांचं नाव मोठं. त्यांनी १९५९ साली जर्सी नावाच्या छोट्या बेटावर झू काढलं ते याच कामासाठी. मॉरिशसमधलं गुलाबी कबूतर १९९० च्या सुमारास रानात जेमतेम दहा उरलं होतं, मॉरिशसमध्ये आणि जर्सीला पिंजऱ्यात पिल्लं वाढवली, परत सोडली, रानातली राखण केली, उंदीर-मांजरांचा बंदोबस्त केला, आता ती काही शे आहेत. आपल्या आसामातलं पिटुकलं रानडुक्कर, पिग्मी हॉग, त्याच्यावरही ड्युरेल यांच्याच संस्थेने तिथल्या लोकांबरोबर काम केलंय, १९९६ साली तिथल्या मानसच्या रानातून थोडी पकडली, वाढवली आणि २००८ पासून सोडायला सुरुवात केली. मुलांना आनंद झाला, टाळ्या वाजल्या.

पण तेवढ्यावर थांबलो असतो तर अर्धंच सांगितल्यासारखं झालं असतं, म्हणून लगेच अरबी ओरिक्सची गोष्ट सांगितली. वाळवंटातलं पांढरं, लांब सरळ शिंगांचं हरीण, १९७२ साली रानातलं शेवटचं मारलं गेलं. पण त्याच्या दहा वर्षं आधीच काही पकडून अमेरिकेत फिनिक्सच्या झूमध्ये कळप केलेला होता, त्यातून वाढवून १९८२ साली ओमानच्या वाळवंटात परत सोडले, चारशेच्या वर गेले, केवढं यश! आणि मग चोरटे शिकारी आले, अभयारण्याचं क्षेत्र ओमान सरकारने नव्वद टक्के कमी केलं, आणि २००७ साली युनेस्कोने ती जागा जागतिक वारशाच्या यादीतून काढून टाकली, असं होणारी ती पहिलीच जागा. ओरिक्स जात वाचली, इतर देशांत कळप आहेत, पण त्या माळावरचा खेळ मोडला. वर्गातली एक मुलगी म्हणाली, म्हणजे झूने त्याचं काम केलं आणि जमिनीने केलं नाही. तिचं हे वाक्य बाईंनी फळ्यावर लिहून ठेवलं.

यावरून मुलांनीच कार्ड बनवलं. दोघा-दोघांना एक प्राणी, आणि त्याच्यासमोर उभं राहून चार गोष्टी शोधायच्या: याचं घर कुठलं, रानात किती राहिलेत, हा इथं नुसता दाखवायला आहे की वाढवायला, आणि उद्या सोडायचा ठरला तर जागा शिल्लक आहे का.

एक व्यवहाराची गोष्ट सांगून ठेवतो, नेहरू झू सोमवारी बंद असतं, रविवार-सोमवार धरून सहल काढणाऱ्या शाळा तिथं फसतात.

शेंगा चटणी आणि कडक भाकरी डब्यात होतीच, पहाटे पोचलो, दार उघडायला आत. १९६३ साली सुरू झालेलं, मीर आलम तलावाच्या काठाला, साधारण ३८० एकर, चालून पाय दुखतात. पहिला अर्धा तास कार्ड कोणाच्या लक्षात नव्हतं, सगळी धावली पांढऱ्या वाघाकडे, आणि ते साहजिक आहे, मीही धावलो असतो. तिथंच पहिला मोठा प्रश्न आला, सर, हा सगळ्यात दुर्मीळ ना, मग याला वाचवायला पाहिजे ना? उत्तर ऐकून पोरं खट्टू झाली पण ते सांगणं गरजेचं होतं. पांढरा वाघ ही वेगळी जात नाही. पट्टेरी वाघातच क्वचित येणारा रंगातला बदल आहे, आईबाप दोघांकडून तो आला तरच पिल्लू पांढरं होतं, आणि आज झूंमध्ये दिसणाऱ्या बहुतेकांचं मूळ १९५१ साली रीवाच्या जंगलात पकडलेल्या मोहन नावाच्या बछड्यापर्यंत जातं. रंग टिकवायला जवळच्या नात्यात जोड्या लावल्या गेल्या, त्यातून डोळ्यांचे, हाडांचे दोष आले. गर्दी त्याच्यापुढे सगळ्यात जास्त असते आणि जात वाचवण्याच्या कामात त्याचा उपयोग सगळ्यात कमी, हे मुलांच्या कार्डावर त्यांच्या शब्दांत उतरलं.

इथून पुढे वंशावळीचा विषय निघाला. दुर्मीळ प्राण्यांसाठी एक नोंदवही असते, कोणत्या झूतला कोणता प्राणी कोणाचं पोर, हे सगळं त्यात असतं आणि ते बघूनच जोडी ठरते, आपल्याकडे लग्न जमवताना गोत्र बघतात तसं. केंद्रीय प्राणीसंग्रहालय प्राधिकरण १९९२ पासून आहे आणि एका झूतून दुसऱ्या झूत प्राणी पाठवायचा तर त्याची मान्यता लागते. सिंहाच्या पिंजऱ्यासमोर हे सांगायला सोपं गेलं, कारण पूर्वी आपल्या झूंमध्ये आफ्रिकी आणि आशियाई सिंहांची मिसळ झालेली होती, ती पिल्लं गीरच्या सिंहाच्या कामाची नव्हती, म्हणून ती पैदास थांबवावी लागली.

आता ज्याच्यासाठी मी हैदराबादचा आग्रह धरला होता ते. पिसोरी. इंग्रजीत माऊस डिअर. मांजराएवढी, अडीच-तीन किलोची, अंगावर ठिपके आणि पट्टे, शिंगं नाहीत, नराला बारीक सुळे, रात्री फिरणारी. दिसायला हरीण पण खऱ्या हरणांच्या कुळातली नाही. २०१० साली नेहरू झू आणि सीसीएमबी या हैदराबादच्याच जीवशास्त्र संशोधन संस्थेच्या लॅकोन्स या प्रयोगशाळेने मिळून हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढ्या पिसोरींपासून पैदास सुरू केली, ती शेकड्यांवर गेली, आणि २०१७ पासून तेलंगणातल्या नल्लमलाच्या रानात, अमराबाद व्याघ्र प्रकल्पात त्या सोडायला सुरुवात झाली. एकदम दार उघडून नाही, आधी रानातच कुंपण घालून तिथल्या पाल्याची, आवाजाची सवय लावून. जागतिक यादीत पिसोरी संकटात धरलेली नाही हेही मुलांना सांगितलं, पण एखाद्या रानातून ती शिकारीने विरळ होऊ शकते, आणि तिथं ती परत आणणं हेही संवर्धनच.

पैदास करतात तो भाग लोकांना उघडा नसतो. पोरं नाराज. तेवढ्यात एका पद्मशाली मुलीने तिथल्या एका राखणदार काकांना तेलुगूत गाठलं, घरी तेलुगूच बोलतात, पाटीवरची तेलुगू अक्षरं तिला वाचता येत नव्हती पण बोलायला काय अडचण. ते काका इतके खूश झाले की काम बाजूला ठेवून बोलायला लागले आणि ही सगळ्यांना मराठीत सांगत होती. तिने विचारलं, आतली का दाखवत नाही? ते म्हणाले, माझ्याकडची ही जनावरं मला ओळखतात, हाक मारली की जाळीजवळ येतात, मला बरं वाटतं, पण अशी जनावरं रानात जगणार नाहीत, माणूस दिसला की पळालं पाहिजे, म्हणून ज्यांना सोडायचंय त्यांना माणूस जितका कमी दिसेल तितकं चांगलं. मग मुलीने स्वतःहून विचारलं, तुम्हाला वाईट वाटत नाही का, तुमची इथंच राहणार? काका म्हणाले, वाटतं, म्हणून तर यांचं पोट, यांची सावली, यांचं पाणी मी स्वतः बघतो. त्या दहा मिनिटांत पोरं जे शिकली ते माझ्या दोन तासांत शिकली नव्हती, हे मी बाईंना तिथंच बोललो.

शेवटचा मोठा मुक्काम गिधाडांचा, म्हणजे खरं तर त्यांच्या गोष्टीचा, कारण त्यांचं पैदास केंद्रही झूकडे आहे पण बघायला नसतं. सावलीत बसून सांगितलं. सोलापुरात जुनी माणसं सांगतात, मेलेल्या गुरावर गिधाडं उतरायची. देशातली पांढऱ्या पाठीची गिधाडं १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत ९९ टक्क्यांहून जास्त घटली, आणि कारण निघालं डायक्लोफेनॅक, गुरांना दुखण्यावर देतात ते औषध. जनावर मेलं, गिधाडाने खाल्लं, मूत्रपिंडं निकामी. २००६ साली गुरांसाठी त्यावर बंदी आली, २०२३ साली किटोप्रोफेन आणि असिक्लोफेनॅकवर. हरियाणात पिंजोरला आणि इतर केंद्रांत गिधाडं वाढवली, पण गिधाडही वर्षाला एकच अंडं घालतं, आणि औषध बाजारात असताना वाढवलेली गिधाडं सोडली तर ती मारायलाच सोडल्यासारखं. म्हणून सोडायच्या आधी भोवतालच्या गावांत कुठलं इंजेक्शन विकलं जातंय ते तपासावं लागतं. एका मुलाच्या घरी दोन म्हशी आहेत, तो म्हणाला, आमच्या डॉक्टरला विचारतो.

रात्री मुक्कामाला चर्चा झाली ती झोप येईपर्यंत चालली. आणि तिथं माळढोक परत आला, मी काढला नव्हता, पोरांनी काढला. एकाने विचारलं, माळढोकाचं असं झू का नाही? आहे, सांगितलं. जैसलमेरजवळ सम इथं २०१९ साली केंद्र सुरू झालं, भारतीय वन्यजीव संस्था, राजस्थानचं वनखातं आणि केंद्र सरकार मिळून, माळढोकाच्याच कुळातल्या होबारा पक्ष्यावर काम केलेल्या अबूधाबीच्या संस्थेची तांत्रिक मदत. रानातली अंडी काळजीपूर्वक उचलून यंत्रात उबवली, हाताने पिल्लं वाढवली, २०२३ साली केंद्रात वाढलेल्या मादीने स्वतः अंडं घातलं, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये कृत्रिम रेतनातून पहिलं पिल्लू जन्मलं, नर रामदेवऱ्याच्या दुसऱ्या केंद्रातला आणि मादी समची. हाताने वाढवलेल्या पक्ष्यांना माणसाची सवय होते, त्यामुळे रानात जायचं असेल तर ते त्यांच्या पुढच्या पिढ्यांनी, हे कळल्यावर पोरांनी लगेच राखणदार काकांचं बोलणं आठवून सांगितलं.

मग धनगराचा मुलगा म्हणाला, त्यांची पिल्लं वाढली तर नान्नजला पाठवतील का? खोलीत एकदम गलका झाला. अर्ध्यांचं म्हणणं हो, आपला हक्क आहे. दुसऱ्यांनी ओमानची आठवण दिली, तारा, कुत्री, कॉलन्या तशाच असतील तर इथं आणून मारायचे का. बाई आणि मी यात वेगळे पडलो. बाईंना वाटतं की पक्षी येणार असं आधी जाहीर झालं तरच लोक माळ राखतील. मला वाटतं माळ आधी, तारांचं काम आधी, मोकाट कुत्र्यांचा बंदोबस्त आधी, आणि मेंढपाळांशी बोलणी सगळ्यांच्या आधी. ३०० किलोमीटरवरून पोरं घेऊन आलेली दोन मोठी माणसं त्यांच्यासमोर भांडतायत हे त्यांना फार आवडलं, आणि आमचं आजही एकमत झालेलं नाही.

परत आल्यावर काय झालं ते लिहिणं गरजेचं आहे कारण सहलींच्या अहवालात हेच गळतं. म्हशीवाल्या मुलाने खरंच विचारलं. त्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं की ते मेलॉक्सिकॅम वापरतात, ते गिधाडांना चालतं. त्यावरून वर्गाने एक पान तयार केलं, कुठली औषधं गुरांना नकोत आणि का, आणि ज्यांच्या घरी जनावरं आहेत त्यांनी ते घरी नेलं. पालकसभेत कोंडण्याबद्दल विचारणाऱ्या आईने मुलीचं कार्ड वाचलं आणि बाईंना येऊन भेटल्या, म्हणाल्या, मला अजून पांढरा वाघ बघवत नाही पण ती पिसोरीची गोष्ट पटली. मला ही भूमिका फार योग्य वाटते, सगळं झू चांगलं किंवा सगळं वाईट असं म्हणायची गरज नाही, प्रत्येक पिंजऱ्यापुढे वेगळं उत्तर येतं.

कमी काय पडलं तेही सांगतो. चार प्रश्नांतला शेवटचा, परत जायला जागा आहे का, याचं उत्तर झूमधल्या पाट्यांवर मिळत नाही, मुलांना ते आमच्याकडूनच घ्यावं लागलं, बऱ्याच कार्डांवर ती ओळ रिकामी राहिली. नकाशे आधीच छापून न्यायला हवेत. एक दिवसही कमी पडला, तेवढ्या वेळात चार-पाच प्राणीच नीट होतात, जास्तीची यादी करू नये. आणि तेलुगू बोलणारी मुलं प्रत्येक गटात एक तरी असावी, त्यांच्यामुळे राखणदार मोकळे बोलतात.

पुढच्या वर्षीसाठी शाळेने हैदराबाद कायम ठेवलंय आणि नान्नज दोनदा करायचं ठरवलंय, एकदा पावसाळ्यात गवत हिरवं असताना आणि एकदा सहलीनंतर. दुसऱ्या खेपेला त्या मुलाचे काका माळावर मुलांशी बोलायला तयार झालेत, मेंढरं कुठं चारतात, कुठली जागा कधी मोकळी सोडतात, लांडगा कुठून येतो, सगळं दाखवतो म्हणाले. त्यांची फक्त एवढीच मागणी आहे की पोरांनी सकाळी लवकर यावं, ऊन चढलं की मेंढरं पुढे निघतात.